दोन सायकली, एक पंप

ही दिवेआगरच्या सायकल सहलीची हकीकत आहे आणि आम्ही दिवेआगरला पोचलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिथल्या मोदकांची माहिती हवी असेल तर इथेच थांबलात तरी माझी हरकत नाही. पण माउंटन बाइक घेऊन कोकणातल्या मातीच्या वाटांवर जायचा विचार असेल, आणि बॅगेत काय भरावं नि काय काढावं या प्रश्नावर घरात वाद चालू असतील, तर मात्र शेवटपर्यंत वाचा. हा वाद मी जिंकलो होतो आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

माझे साडू प्रभाकरराव, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, गेल्या वर्षी निवृत्त झाले. खोपोलीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. दीड वर्षापूर्वी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तर या गृहस्थांनी थेट माउंटन बाइक घेतली. डॉक्टर म्हणाले, चालवा, फक्त एक नियम पाळा: बोलता बोलता चालवता आली पाहिजे. बोलताना धाप लागली की वेग कमी करायचा. प्रभाकररावांना हा नियम फार आवडला, कारण बोलायला त्यांना कधीच कारण लागलेलं नाही. सहा महिने ते पनवेलच्या आसपास रोज पंचवीस-तीस किलोमीटर बोलत बोलत चालवत होते. सोबत कुणी नसलं तर फोनवर बोलत, असं मेहुणी म्हणते.

मी मुलुंडला राहतो आणि रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर मिलिग्रॅममध्ये वजनं करायची, हा माझा धंदा. सायकलिंग मी बारा वर्षं करतोय आणि त्यातही वजन हे माझं वेड आहे. टूथब्रशची मूठ कापून नेणाऱ्या लोकांवर तुम्ही हसत असाल तर माझ्यावरही हसा. डिसेंबरात तीन दिवस मोकळे होते. मांडव्याला उतरायचं, चौल, काशीद, मुरूड करत आगरदांड्याहून खाडी ओलांडून दिवेआगर, असा बेत मी मांडला. प्रभाकरराव लगेच तयार झाले. मेहुणी, म्हणजे नंदाताई, दोन दिवस विचार करून म्हणाली, "मिलिंदराव, तुमच्या भरवशावर पाठवतेय हं." मी म्हटलं, निर्धास्त राहा.

सामान आमच्या हॉलमध्ये भरलं गेलं, आणि ते भरलं माझी बायको शुभा आणि नंदाताई या दोघी बहिणींनी. या दोघींची एक रीत आहे. लहानपणी भांडणं नकोत म्हणून त्यांच्या आईने घरात प्रत्येक वस्तू दोन आणली. एकाच कापडाचे दोन फ्रॉक, दोन कंपासपेट्या, दोन छत्र्या. पन्नाशी आली तरी दोघी बाजारातून दोन-दोन वस्तू आणतात आणि एक बहिणीकडे पोचवतात. त्यामुळे आमच्या बॅगांतही सगळं दोनदा होतं: दोन पंप, पंक्चरची दोन किट, दोन मल्टीटूल, दोन टॉर्च, प्रथमोपचाराच्या दोन पिशव्या. प्रभाकररावांच्या छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची एकच पट्टी होती, तर नंदाताईने ती कात्रीने मधोमध कापली आणि अर्धी त्यांच्या पिशवीत, अर्धी माझ्या पिशवीत टाकली. मी स्वयंपाकघरातला काटा आणून बॅगा तोलल्या. माझी साडेपाच किलो. त्यांची साडेनऊ, कारण त्यात स्टीलचा डबा, घडीचं स्टूल आणि नायलॉनची दहा मीटर दोरी त्यांनी स्वतः घातली होती.

"स्टूल कशाला?" मी विचारलं.

"बसायला," प्रभाकरराव म्हणाले.

पहिल्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून गाड्याही नेणारी रो-रो बोट घेतली. सायकलचं वेगळं तिकीट लागतं. दर आणि वेळा बदलत राहतात, म्हणून आदल्या दिवशी बघून घ्या आणि शनिवार-रविवारी आधीच तिकीट काढा. तासाभरात मांडवा. तिथून अलिबागपर्यंत रस्ता बरा आहे, पण मुंबईकरांच्या गाड्या अंगावर येतात, तेव्हा जमेल तिथे आतल्या गावांच्या रस्त्याने जा. अलिबागला मिसळपाव खाऊन निघालो. नागावच्या पुढे दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात आणि सावली मिळते. अंतर जेमतेम पस्तीस किलोमीटर.

एवढ्या वेळात प्रभाकररावांनी मला त्यांच्या स्टोअरची रचना सांगितली. कुठल्या रॅकवर कुठले बेअरिंग, कुठल्या वर्षी कुठला बोल्ट संपला होता, आणि तीन नंबरचं मशीन एका सव्वा रुपयाच्या वॉशरसाठी दोन दिवस कसं बंद पडलं. "स्पेअर ही वस्तू नसते मिलिंदराव, ती झोप असते," असं ते म्हणाले. मी हूं हूं करत होतो. खरं सांगायचं तर चौलच्या अलीकडे मी एका कानात इयरफोन घातला.

चौलला एका वाडीत घरगुती राहायची सोय होती. माणशी हजार रुपये, त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि बांगड्याचं कालवण. घरच्या काकी साठीच्या, चपळ आणि चौकशीखोर. सकाळी सहाला मी अंगणात दोन्ही बॅगा मोकळ्या केल्या, तेव्हा त्या चहा घेऊन आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

मी माझं शास्त्र सुरू केलं. माउंटन बाइकवर सामान लावण्याचे काही नियम आहेत आणि ते खरे आहेत. जड वस्तू खाली आणि फ्रेमच्या जवळ. हलकं आणि फुगीर सामान हँडलवर. पाठीवर शक्यतो काही नाही, कोकणच्या घामात पाठीवरची सॅक म्हणजे शिक्षा. लागणारी वस्तू वरच, म्हणजे रस्त्यात सगळं उपसावं लागत नाही. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण खारी हवा सगळं दमट करते. आणि सगळ्यात शेवटी मी माझा आवडता नियम लावला: दोन माणसं बरोबर असतील तर अवजारं एकच संच. दोन पंप घेऊन जाणं म्हणजे एका घरात दोन गॅसच्या शेगड्या.

एक पंप, एक किट, एक मल्टीटूल, एक टॉर्च, स्टीलचा डबा, स्टूल आणि दोरी मी बाजूला काढली आणि काकींना म्हटलं, परत येताना घेऊन जाऊ, ठेवता का?

"ठेवते की," काकी म्हणाल्या. "पर हे सगलं चांगलं हाय, बिघडलेलं न्हाय, मंग काढता कशाला?"

"दोन-दोन आहेत काकी. एक पुरतं."

"आमचा माडावर चढणारा गडी कमरेला दोन कोयते लावतो," त्या म्हणाल्या. "येक हातातून सुटला तर वर बसून काय करंल?"

मी हसलो. राहिलेलं सामान मी नियमाप्रमाणे वाटलं. सगळी अवजारं, ट्यूब आणि पंप प्रभाकररावांच्या मागच्या कॅरिअरच्या बॅगेत, अगदी तळाशी, कारण ते जड. औषधं हलकी, म्हणून दोन्ही पिशव्यांची एक करून माझ्या हँडलच्या बॅगेत. गोळ्यांचे ते दोन तुकडे मी रबर लावून एकत्र ठेवले आणि मला फार व्यवस्थित वाटलं.

प्रभाकरराव स्टुलाकडे बघत होते. मग म्हणाले, "गोळ्या?"

"माझ्याकडे आहेत. मी आहेच ना बरोबर."

चौतीस वर्षं स्पेअर सांभाळलेल्या माणसाने माझ्यासारख्या तज्ज्ञापुढे मान तुकवली. माझी बॅग आता तीन किलोच्या आसपास होती आणि मी खुशीत होतो.

दुसऱ्या दिवसाची सकाळ या सगळ्या सहलीतली सगळ्यात चांगली होती. रेवदंड्याचा पूल ओलांडताना खाडीवर बोटी निघालेल्या दिसतात. कोर्लईच्या पुढे रस्ता समुद्राला धरून जातो आणि सकाळी त्यावर माणसांपेक्षा कुत्री जास्त असतात. काशीदच्या आधीचा चढ लहान आहे पण दम काढतो. तो उजाडता उजाडता संपवलात तर बरं. प्रभाकरराव चढावर दोनदा थांबले, नियमाप्रमाणे. मी वर जाऊन वाट बघत बसलो आणि ते आल्यावर म्हटलं, "स्टूल असतं तर अजून चढतच असतात." ते हसले, पण थोडं उशिरा.

मुरूडला अकराच्या सुमारास पोचलो. एका खाणावळीत सुरमईची थाळी खाल्ली. जेवण होईपर्यंत ऊन कडक झालं होतं. मुरूडहून आगरदांड्याच्या जेटीला डांबरी रस्त्याने आठ-दहा किलोमीटर आहे. पण मॅपवर मला डोंगरावरून जाणारी लाल मातीची एक वाट दिसत होती आणि माउंटन बाइक आणून सगळं डांबरावरच चालवायचं, हे माझ्या जिवावर आलं होतं.

प्रभाकरराव मॅप बघून म्हणाले, "चढ फार आहे हो. मला नाही जमायचा. रस्त्यानेच जाऊ."

"वजन कमी केलंय आता. कसला चढ?"

"वजन बॅगेचं कमी केलंत, मिलिंदराव. छातीचं नाही."

यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण दोन दिवस मी त्यांच्या वेगाने चालवत होतो आणि ते माझ्या आत साचलं होतं. मी म्हणालो, "मग असं करा, तुम्ही सरळ बसनेच या. स्टोअरमधल्या माणसाने स्टोअरमध्येच बरं."

हे मी बोललो. ब्लॉगवर लिहिताना गाळून टाकता आलं असतं, पण मग पुढचं कळणार नाही. त्यांनी हेल्मेट चढवलं, बक्कल लावलं आणि म्हणाले, "जेटीवर भेटू." आणि निघाले. डोकं खाली, पाय जोरात, तोंड बंद. मी त्यांना पहिल्यांदाच न बोलता सायकल चालवताना बघितलं आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की हा माणूस मनात आणलं तर चांगला वेग घेतो.

वाट सुरेख होती. काजूची झाडं, मधे मधे कातळ, उजव्या हाताला खाली खाडी. माझी हलकी सायकल भराभर चढत होती. तासाभराने मागचं चाक बसल्यासारखं वाटलं. बोरीचा काटा, चांगला अर्ध्या इंचाचा. उतरलो, सायकल उलटी केली, चाक काढलं, सवयीने बॅगेत हात घातला. तिथे चिक्की होती, विंडचीटर होता, औषधं होती. पंप, पॅच, ट्यूब सगळं आगरदांड्याच्या वाटेवर होतं, नियमाप्रमाणे तळाशी.

मला आधी हसूच आलं. म्हटलं, प्रभाकररावांना आयुष्यभराचा विषय मिळाला. फोन करावा म्हणून बघितलं तर रेंज नव्हती. पाणी प्यायलो, चिक्की काढायला पुन्हा बॅगेत हात घातला, आणि चिक्कीबरोबर ते रबर लावलेले दोन तुकडे हातात आले.

भर उन्हात, जेवून, रागात, न बोलता जोराने सायकल मारणारा स्टेंटवाला माणूस, आणि त्याच्या सगळ्या गोळ्या माझ्या हातात. अर्ध्या त्यांच्याजवळ होत्या. सकाळी सहापर्यंत होत्या. मी काढून घेतल्या होत्या, व्यवस्थित दिसावं म्हणून. नंदाताईचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी चाक कसंबसं परत बसवलं.

बसक्या टायरची सायकल ढकलत मी पळत सुटलो. रिम खराब होते, तुम्ही असं करू नका. दहा-पंधरा मिनिटांनी एका वाडीपाशी एक पिकअप उभी दिसली. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ, डोक्यावर जाळीची टोपी, एकटेच नारळ भरत होते.

"काय झालं? पडलेबिडले नाय ना?" त्यांनी विचारलं.

मी धापा टाकत सांगितलं. साडू, स्टेंट, गोळ्या, जेटी. त्यांनी पुढे एक प्रश्न विचारला नाही. "टाका सायकल मागं. नारळ हायत, जरा सांभालून," म्हणाले आणि स्टार्टर मारला.

त्यांचं नाव इस्माईलभाई. कुवेतला बावीस वर्षं ट्रेलर चालवला आणि आता वाडी सांभाळतात. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी ते फक्त गाडी चालवत होते आणि मधेच एकदा म्हणाले, "अल्ला खैर करील. गोली हातात ठेवा, खिशात नको. मागनं सापडत नाय."

जेटीवर प्रभाकरराव नव्हते. तिकीट खिडकीवरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "पिवळं हेल्मेटवाले ना? आलेले. बोट लागलेली, पर नाय गेले. पाऊण तास बसलेले हितं. मग मला इचारलं, डोंगरावरची वाट कुठं उतरते. गेले तिकडं सायकल घेऊन."

"कधी?"

"झाला असंल अर्धा तास."

मी इस्माईलभाईंकडे बघितलं. आम्ही त्याच डोंगरावरून आलो होतो आणि वाटेत कुणी दिसलं नव्हतं. ते म्हणाले, "खाली दोन फाटे हायत. आपण आलो तो गाडीचा. दुसरी पायवाट हाय, उभी. त्याला कोण सांगणार? तो तिकडनंच चढला असंल."

आम्ही पिकअप वळवली. वर जिथे ते दोन फाटे मिळतात तिथपर्यंत गाडी गेली आणि पुढे मी पायवाटेने खाली धावलो. गोळ्या मुठीत. मोठ्याने हाका मारत होतो. उत्तर येत नव्हतं. आयुष्यात मी त्या माणसाचा आवाज ऐकण्यासाठी कधी धडपडलो नव्हतो, पण त्या उतारावर मला दुसरं काही नको होतं.

दुसऱ्या वळणावर ते दिसले. काजूच्या झाडाला टेकून बसले होते. सायकल बाजूला आडवी, चेहरा पांढरा, कपाळावर घाम. एक हात छातीवर आणि दुसऱ्या हातात पंप.

मला बघून ते हळूच म्हणाले, "पंक्चर झाली का?"

"बोलू नका," मी म्हणालो आणि गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली.

इस्माईलभाई मागून पाण्याची बाटली घेऊन आले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. मी प्रभाकररावांचा हात धरून बसलो होतो. एकतीस वर्षांच्या नात्यात मी त्यांचा हात पहिल्यांदाच धरला. पाच मिनिटांनी छातीवरचा त्यांचा हात खाली आला. चेहऱ्यावर थोडा रंग आला. मी विचारलं, कसं वाटतंय? ते म्हणाले, हलकं.

थोड्या वेळाने म्हणाले, "जेटीवर बसलो होतो. तुम्ही येईनात. मग लक्षात आलं, त्या वाटेला काटे असणार, आणि पंप तर माझ्याकडे. म्हटलं, बसला असेल बिचारा चाक काढून."

"गोळ्या जवळ नाहीत हे लक्षात नाही आलं?"

"आलं ना. अर्ध्या चढावर आलं. पण तोवर खाली जायला आणि वर यायला अंतर सारखंच होतं."

दुपारी बोललो होतो त्याची मी माफी मागितली. ते म्हणाले, "राहू द्या हो. बसने जा म्हणालात, आता पिकअपने जाऊ."

इस्माईलभाई आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून, दर पन्नास पावलांवर थांबत गाडीपर्यंत नेलं. मुरूडच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, दोन तास झोपवून ठेवलं, पुन्हा काढला, आणि त्यांच्या पनवेलच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. झटका नव्हता. ताण, ऊन आणि चढ. उद्या सकाळी पनवेलला दाखवा आणि आज सायकलला हात लावू नका, असं ठरलं. फोनवर मी नंदाताईला एवढंच सांगितलं की प्रभाकररावांना थोडा त्रास झाला, डॉक्टरांना दाखवलंय, आम्ही परत येतोय.

इस्माईलभाईंनी आम्हाला मांडव्यापर्यंत आणून सोडलं. डिझेलचे पैसे घेतले, वर एक रुपया घेतला नाही. प्रभाकरराव पुढे केबिनमध्ये आणि मी मागे दोन सायकली नि नारळांत. केबिनच्या मागच्या काचेतून मला त्यांचं डोकं दिसत होतं. आवाज येत नव्हता, पण त्यांचा डावा हात सारखा हलत होता, बोटं मोजत होती, काहीतरी या रॅकवरून त्या रॅकवर ठेवत होती. इस्माईलभाई मान डोलावत होते. काशीदचा समुद्र उजवीकडून येऊन डावीकडे गेला असता तरी मला कळलं नसतं, मी त्या हाताकडेच बघत होतो.

चौलला दोन मिनिटं थांबून काकींकडून सामान घेतलं. एवढ्या लवकर कसे, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या पिशवी आणायला आत गेल्या आणि येताना अर्धा डझन शहाळी घेऊन आल्या. कोयत्यांबद्दल त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी पोचलो तेव्हा नंदाताई आमच्याच घरी होती. आधी तिने नवऱ्याला नीट बघून घेतलं, बसवलं, पाणी दिलं. मग बॅगा उघडल्या. काकींची पिशवी तिने बाहेर काढली आणि त्यातला पंप हातात घेऊन माझ्याकडे बघितलं.

"हे वेगळं का?"

मी सगळं सांगितलं. चौलचं अंगण, गोळ्यांना लावलेलं रबर, खाणावळीतलं माझं बोलणंसुद्धा. प्रभाकरराव मधे म्हणाले, "अगं, माझीही चूक आहे, मी बघायला हवं होतं." तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. माझ्या हँडलच्या बॅगेतून तिने गोळ्या काढल्या, रबर सोडवलं, एक तुकडा त्यांच्या शर्टाच्या खिशात घातला आणि दुसरा माझ्या. माझ्या खिशावरून तिने हात फिरवला, बटण लावलं.

"जेवायला बसा दोघं," ती म्हणाली.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. पनवेलच्या डॉक्टरांनी औषधं बदलली आणि महिनाभराने पुन्हा सायकलला परवानगी दिली, सपाटीवर. सामानाबद्दल विचाराल तर माझे बाकीचे नियम मी बदललेले नाहीत. जड खाली, हलकं वर, लागणारं हाताशी. पण ज्याच्यावाचून माणूस अडकतो ती प्रत्येक वस्तू प्रत्येकाच्या सायकलवर हवी: पंप, ट्यूब, पॅच, मल्टीटूल, पाणी, आणि ज्याची त्याची औषधं ज्याच्या त्याच्या अंगावर, शक्य असेल तर सोबत्याच्याही. माझ्या बॅगेचं वजन परत साडेपाच किलोवर गेलंय. काटा मी स्वयंपाकघरात परत ठेवला, आणि शुभा आता त्यावर रवा मोजते.

दिवेआगर राहिलंय. कधी जाऊ ते माहीत नाही, घाई नाही. सध्या दर रविवारी सकाळी मी पनवेलला जातो आणि आम्ही दोघं खाडीच्या बाजूने वीस किलोमीटर चालवतो. ते पुढे, मी मागे. स्टूल त्यांच्या कॅरिअरला बांधलेलं असतं. इयरफोन मी घरी ठेवतो. गेल्या रविवारी ते मला सांगत होते, की अमुक साली सहा नंबरच्या रॅकवर किती वॉशर शिल्लक होते आणि ऑडिटवाल्याने ते कसे तीनदा मोजले. हे मी याआधी चार वेळा ऐकलंय. एका छोट्या चढावर ते बोलता बोलता थांबले.

माझे दोन्ही ब्रेक लागले आणि हात खिशाच्या बटणावर गेला.

"एकशे बारा," ते मागे वळून म्हणाले. "आकडा आठवत नव्हता."

"बरं," मी म्हणालो. "मग पुढे?"